चौऱ्याण्णवचं माप

"चौऱ्याण्णव लिही."

"एकशे चार सेंटीमीटर आहे, इबू."

"टेप मलाही दिसतेय, मी आंधळी झालेली नाही. तू चौऱ्याण्णव लिही, निंग."

"आधी श्वास सोडा. मघापासून धरून ठेवलाय तुम्ही."

"श्वास माझा, छाती माझी, कापड माझ्या नावाने आलंय. तुला नुसतं शिवायचंय. एक आकडा लिहायला एवढं काय जड जातंय तुला?"

"शिवल्यावर तुम्हाला त्यात कोंबायचं कसं, ते सांगा."

"कोंबायला मी काय उशी आहे?"

माझा नवरा प्रसोजो दारात हेल्मेट चढवत होता. तो म्हणाला, "उशी परवडली, इबू. उशी उलट बोलत नाही." तिने माझ्या हातातली टेप हिसकावून त्याच्या अंगावर फेकली आणि पुन्हा माझ्याकडे वळली. "लग्नाला अडीच महिने आहेत. तोवर मी चौऱ्याण्णवची होणार. लिही."

मी लिहिलं. शिवणकाम करणारीने खोटं माप लिहू नये, हे मला कळत होतं. पण उकडत होतं, चुलीवर भात होता, आणि अठरा वर्षं या घरात राहून मला हेही कळलं होतं की सासूशी वाद घालण्यापेक्षा शिवण उसवणं सोपं.

माझी सासू वागियेम; इबू म्हणजे आई, घरात आम्ही तिला तेच म्हणतो, गल्ली नुसतं बु म्हणते. सोलो शहरातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी एकतीस वर्षं तिने नारळाच्या दुधातला भात विकला. पहाटे साडेचारला बुटक्या स्टुलावर बसायची, मध्ये भाताची टोपली, एका हाताला कोंबडीची पातेली, दुसऱ्या हाताला केळीची पानं. कोणाला मिरची किती, कोणाच्या घरी पाहुणा आलाय, कोण नवऱ्याशी भांडून घरी न जेवता इथे आलंय, सगळं तिला पान दुमडता दुमडता समजायचं. दोन मुलं तिने त्या स्टुलावरून शिकवली. चार वर्षांपूर्वी गुडघ्यांनी ऐकेनासं केलं तेव्हा टोपली बंद झाली. त्यानंतर ती बसायची, पण आता घरात, पंख्याखाली, आणि विकायचं नाही म्हटल्यावर भात स्वतःच खायची.

दोन वर्षांपूर्वी वस्तीच्या आरोग्य केंद्रात तिची साखर तपासली तेव्हा दोनशे अडुसष्ट निघाली. तिथली नर्स टुटिक आमच्याच गल्लीतली. तिने विचारलं, "बोटांना मुंग्या येतात का?"

"येतात कधीमधी."

"डोळे मिटा." टुटिकने पेनाचं टोक तिच्या करंगळीला टोचलं. "काय केलं मी?"

"काही नाही केलंस."

"टोचलं, बु वागियेम. साखरेने बोटांची जाण जाते. अजून सगळी बोटं गेलेली नाहीत. पण जी गेली ती परत येत नाहीत. वजन उतरवा, साखरेचा चहा सोडा, रोज चाला. नातवंडांसाठी तरी करा."

"माझ्या नातवंडांना मी जाडीच आवडते, मांडीवर ऐसपैस जागा मिळते," असं म्हणून ती घरी आली आणि तीन चमचे साखरेचा चहा पिऊन झोपली. दोन वर्षं हे असंच चाललं. आम्ही ओरडायचो, ती ऐकायची, आणि मग शेजारणीकडे जाऊन केळ्याची भजी खायची.

जे टुटिकला जमलं नाही, आम्हाला जमलं नाही, ते एका कापडाने केलं.

दिवंगत सासऱ्यांची धाकटी बहीण दार्सिनी. शहराच्या चांगल्या भागात राहते, दोन औषधांची दुकानं आहेत, बोलते मऊ पण लागतं खोल. तीन वर्षांपूर्वी तिच्या मोठ्या मुलाच्या लग्नात फोटोसाठी सगळ्या बायका रांगेत उभ्या होत्या. दार्सिनी म्हणाली, "वहिनी, तुम्ही जरा टोकाला उभ्या राहा हं, म्हणजे बाकीचे मावतील." सगळे हसले. इबूही हसली. घरी आल्यावर तिने त्या लग्नाचा केबाया, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा लांब ब्लाउज, तिसऱ्याच दिवशी कोणाला तरी देऊन टाकला.

आता दार्सिनीच्या मुलीचं, प्रमेस्तीचं लग्न होतं. रिवाजाप्रमाणे लग्नघरातून नात्यातल्या सगळ्या बायकांना एकाच रंगाचं जाळीचं कापड आलं होतं, जिने तिने आपापल्या मापाने शिवून घ्यायचं. इबूला तर पाहुण्यांच्या स्वागताला दारात उभं राहायचं होतं, म्हणजे येणारा प्रत्येक माणूस तिला पाहणार होता.

आणि मग मी कधी पाहिली नव्हती अशी वागियेम मला दिसली. पहाटे पाचला उठून गल्लीच्या टोकापासून पुलापर्यंत चालायची. चहात साखर नाही. भात एक मूठ. शेजारच्या बायकांनी विचारलं की म्हणायची, "तब्येतीसाठी." टुटिक खूश झाली. महिन्याने साखर एकशे ऐंशीवर आली. दोन महिन्यांत पाच किलो उतरले. ती स्वतःहून माझ्यासमोर हात वर करून उभी राहायची, "माप." मी मोजायची. शंभर. मग नव्व्याण्णव.

मग मात्र टेप हलेना. लग्नाला दहा दिवस उरले, केबाया तयार होऊन खिळ्याला लटकत होता, आणि पाठीची चेन अर्ध्यावर अडकत होती.

"मी बाजूंना थोडं सैल करते," मी म्हटलं. "शिवणीत कापड ठेवलंय मी."

"हात लावू नकोस."

दुसऱ्या दिवशी तिने जाहीर केलं की ती पांढरा उपास धरतेय. आमच्याकडे नवरी मुलगी लग्नाआधी तो करते: नुसता पांढरा भात आणि पाणी, मीठसुद्धा नाही. कधी घरातलं वडीलधारं माणूस पोरीचा संसार सुखाचा व्हावा म्हणून तिच्यासाठी करतं. साखरेच्या माणसाने नुसत्या भातावर राहायचं म्हणजे काय, हे मी बोलून दाखवलं. ती म्हणाली, "मूठभर तर खाणार आहे. आणि टुटिकच्या कानावर घालायचं काही कारण नाही."

"पण हा उपास कशासाठी, इबू?"

"प्रमेस्तीसाठी," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता म्हणाली.

ही बातमी दार्सिनीपर्यंत कोणी पोचवली माहीत नाही. बहुतेक शेजारणीनेच. संध्याकाळी फोन आला. इबूने तो कानाला लावला तेव्हा पलीकडून रडण्याचा आवाज मलाही ऐकू येत होता. "वहिनी, माझी सासू नाही, माझी आई नाही. माझ्या पोरीसाठी उपास करायला कोण होतं? तुम्ही..." मी तोंडात टाचण्या धरून मशीनजवळ बसले होते. इबू फोन धरून उभी होती, आणि तिच्या मानेवरून लाली वर चढत कानांपर्यंत गेली. वाटलं, आता सांगेल. ती म्हणाली, "असू दे ग, असू दे. पोरगी आपलीच आहे." फोन ठेवून ती बराच वेळ न्हाणीघरात राहिली. पाण्याचा आवाज येत नव्हता.

टाचण्या मी तोंडातून काढल्या नाहीत. काढल्या असत्या तर मला काहीतरी बोलावं लागलं असतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी तिने मूठभर भातही सोडला. साखर उतरवायची गोळी मात्र घेतली, कारण गोळी चुकवायची नाही हे टुटिकने तिला पक्कं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गोळी. मी तिच्या कमरेला लांब पट्टा गुंडाळायला घेतला. "अजून घट्ट," ती म्हणाली. मी पाय भिंतीला लावून ओढला. "अजून." चेन वर गेली. ती आरशासमोर उभी राहिली, ओठ पांढरे, डोळे मोठे, आणि खरोखर सुंदर दिसत होती. हे मी तिला सांगितलं. तेही मी करायला नको होतं.

दारात ती तासभर उभी होती. दार्सिनी जवळून गेली तेव्हा थांबली, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "वहिनी! ओळखू नाही आलात." एवढंच. यासाठी अडीच महिने. मी इबूकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. घाम होता, कपाळावर, वरच्या ओठावर, आणि ती समोरच्या माणसाऐवजी कुठेतरी बाजूला बघत होती.

आत नवरदेव आला होता. अंड्यावर पाऊल ठेवायचा विधी सुरू व्हायचा होता, गामेलानचा, म्हणजे काशाच्या वाद्यांचा, आमच्या वस्तीचाच ताफा वाजत होता, नवरदेवाने पाय उचलला होता. त्याच वेळी इबू स्वागताच्या टेबलावर पडली. पाहुण्यांना द्यायचे पंखे, नावं लिहायची वही, फुलांचं भांडं, सगळं खाली आलं. आणि त्या आवाजातही मला तो दुसरा आवाज ऐकू आला, मी घातलेली शिवण काखेपासून कमरेपर्यंत उसवत गेल्याचा. नवरदेव पाय हवेत धरून वळला. मी माझी ओढणी तिच्या पाठीवर टाकली. त्याआधी चार-पाच मोबाइल वर झालेले मी पाहिले होते.

साखर अठ्ठेचाळीस निघाली. दवाखान्यातला तरुण डॉक्टर म्हणाला, "गोळी घेऊन उपाशी? का पण?" प्रसोजोने माझ्याकडे पाहिलं. मी बाटलीतून पडणारे थेंब मोजत राहिले.

संध्याकाळी दार्सिनी आली. नवरीच्या आईचा पूर्ण साज तसाच, अंबाड्यातल्या मोगऱ्याचा वास खोलीभर. लग्न सोडून आली होती. पलंगाच्या पायथ्याशी बसली, इबूचा हात उचलून कपाळाला लावला. "माझ्या पोरीसाठी जीवावर बेतलं तुमच्या. मी सगळ्या पाहुण्यांना सांगितलं. कोणी हसत होतं त्याला तिथेच सुनावलं मी." इबूने तोंड भिंतीकडे फिरवलं. दार्सिनीला वाटलं, ती थकलीय. तिने हळूच पांघरूण नीट केलं आणि गेली.

घरी आणल्यावर गल्लीतल्या बायका रिवाजाप्रमाणे एकत्र भेटायला आल्या. आजाऱ्याला भेटायला जाताना आमच्याकडे चहा, साखर, बिस्किटं नेतात. इबूच्या उशाशी साखरेच्या सात पुड्या जमल्या. प्रत्येकीच्या तोंडी उपासाचंच कौतुक. "आजकाल भाचीसाठी कोण करतं एवढं!" "माझी जाऊ तर आशीर्वाद द्यायलाही तोंड उघडत नाही." टुटिक तेवढी उठताना इबूच्या कानाशी म्हणाली, "बरं, लग्न झालं. आता काय?"

त्या दिवसापासून इबू पुन्हा खायला लागली. भेटीला आलेली बिस्किटं, नारळाच्या दुधातला भात, गोड चहा. चालणं बंद. चार दिवसांनी प्रसोजोचा तोल गेला.

"अडीच महिने एवढं चाललीस, इबू! मग आता काय झालं?"

"फाटला ना तो. आता कोणाला दाखवायचंय?"

"बोटं जातील तुझी!"

"जाऊ देत. भात तर विकायचा नाही मला आता. कशाला हवीत बोटं?"

तो उठून बाहेर गेला. मी भांडी उचलत होते. इबू ताटाकडे बघत बसली होती. मग एकदम म्हणाली, "ती पोरगी चुकत होती."

"कोण पोरगी?"

"लग्नात. गेंदेर वाजवत होती ती. मी पडायच्या आधी. डावा हात मागे राहत होता तिचा, आणि वाजवलेली पट्टी मनगटाने दाबत नव्हती. सूर एकमेकांत सांडत होते सगळे. डोळ्यांपुढे अंधार येत होता आणि मला वाटत होतं, कोणीतरी जाऊन त्या पोरीचं मनगट धरा."

मी ताटं खाली ठेवली. गेंदेर हे काशाच्या पातळ पट्ट्यांचं वाद्य, दोन्ही हातांत गोल टोकाच्या काठ्या धरून वाजवायचं. इबू ते वाजवायची हे मला माहीत होतं, पण घरातली एखादी गोष्ट माहीत असते तसं. सासरे तंतुवाद्य वाजवायचे, ती गेंदेर. पहाटे भात, दर गुरुवारी दुपारी वस्तीच्या ताफ्याची तालीम. सासरे गेल्यावरही ती जात होती. पाच वर्षांपूर्वी तिने सोडलं, म्हणाली, "वय झालं."

"वय नव्हतं," ती आता म्हणाली. "तालीम संपली आणि मला खालून उठताच येईना. दोघांनी काखेत हात घालून उचललं. मागून कोणीतरी म्हणालं, मोठी घंटा उचलायला चार माणसं लागतात, हिला दोन पुरली. सगळे हसले. मीही हसले. परत नाही गेले." मग म्हणाली, "दार्सिनीचं बोलणं मी एवढं धरून बसले, कारण ते दुसऱ्यांदा होतं."

तिला मागच्या खोलीत जायचं होतं. तिथे सासऱ्यांनी घेतलेलं लोखंडी पट्ट्यांचं गेंदेर होतं. पाच वर्षं मी त्यावर कापडाचे तागे रचत आले होते. कधी विचारलंही नव्हतं. तिच्यासमोर एकेक तागा उतरवताना माझे कान गरम झाले.

खाली बसणं शक्य नव्हतं. मी दोन ट्रंका लावून त्यावर ते ठेवलं, ती माझ्या शिवणकामाच्या स्टुलावर बसली. उजवा हात लगेच चालला, जणू मधे पाच वर्षं गेलीच नव्हती. डावी काठी तिसऱ्याच सुरावर बोटांतून निसटून फरशीवर पडली. मी उचलून दिली. पुन्हा पडली. ती बोटांकडे बघत राहिली.

"मला कळत नाहीये ती हातात आहे की नाही ते," ती म्हणाली. "उजव्याला कळतंय. डाव्याची तीन बोटं..." ती खांद्यावरच्या फडक्याने पट्ट्यांवरची धूळ पुसत बसली. त्या दिवशी तिने संध्याकाळचा चहा बिनसाखरेचा मागितला.

रविवारी नवं जोडपं वडीलधाऱ्यांच्या पाया पडायला आलं, दार्सिनी बरोबर होती. प्रमेस्ती गुडघ्यांवर बसून इबूच्या मांडीवर कपाळ टेकवायला वाकली. "बुडे, तुम्ही माझ्यासाठी जो उपास केलात..." मोठ्या मामीला आमच्याकडे बुडे म्हणतात. इबूने तिचे खांदे धरून तिला वर उचललं.

"तुझ्यासाठी नव्हता तो."

नवा जावई चहाचा पेला ओठाशी धरून थांबला.

"ब्लाउज घट्ट होत होता," इबू म्हणाली. "चौऱ्याण्णवचा शिवून घेतला होता मी. तुझ्या आईला दाखवायचं होतं."

"माप मी लिहिलं," मी म्हटलं. कोणी माझ्याकडे पाहिलं नाही.

दार्सिनीचा चेहरा आधी कोरा झाला. "चौऱ्याण्णव?" ती म्हणाली. "वहिनी, माझं स्वतःचं शहाण्णव आहे." कोणाला हसू आलं नाही, तिलाही नाही. "मी दोनशे माणसांना सांगितलं. माइकवरून सांगितलं. दवाखान्यात तुमचा हात कपाळाला लावला मी. तेव्हा बोलायला काय झालं होतं?"

"तोंड नव्हतं मला."

"आणि मी असं काय केलं होतं तुमचं?"

इबू तिला फोटोची गोष्ट सांगू शकली असती. मी वाट पाहत होते. ती म्हणाली, "तू काही केलं नाहीस. मी खोटं बोलले."

दार्सिनी उठली. तिचा पेला भरलेला तसाच राहिला, आणि आमच्याकडे पाहुण्याने चहाला तोंड न लावता जाणं म्हणजे नातं तोडण्यासारखं, हे तिला आणि आम्हालाही कळत होतं. प्रमेस्ती दारात घुटमळली, मागे येऊन इबूच्या हाताला घाईघाईने कपाळ लावून गेली. गाडी गल्लीतून बाहेर पडेपर्यंत इबू त्याच खुर्चीत बसून होती. मान खाली. मी तिला तेवढी लहान कधी पाहिली नव्हती.

दुपारभर ती खोलीतून बाहेर आली नाही. दोनदा काठी फरशीवर पडल्याचा आवाज आला. एकदा मी दारापर्यंत जाऊन परत फिरले.

रात्री आठला जेवायला बसलो तेव्हा बातमी गल्लीत पोचली होती. माझी मुलगी लारस म्हणाली की दुकानात दोन बायका तिला बघून बोलायच्या थांबल्या. प्रसोजो म्हणाला, "इबू, काही दिवस घरातच राहा. लोक विसरतील."

इबूने भाताची वाटी मोजून घेतली, तोंडल्याची भाजी वाढून घेतली, गोळी ताटाच्या कडेला ठेवली.

"गुरुवारपासून मी तालमीला जाणार," ती म्हणाली. "चार वाजता. चालत."

"तिथे सगळे असतील," प्रसोजो म्हणाला.

"असू देत. खाली बसणार नाही, निंगचं स्टूल नेणार. त्या गेंदेर वाजवणाऱ्या पोरीच्या शेजारी बसेन, डावा हात होईल तेवढा होईल. टुटिकला मी फोनवर सगळं सांगितलंय, गोळी आता जेवल्यावर. गुरुवारचा रात्रीचा स्वयंपाक तुमचा तुम्ही बघा."